सल्यूत-७ : गारठलेल्या स्थानकातला मुक्काम

सल्यूत-७ म्हटलं की आपल्याला राकेश शर्मा आठवतात. एप्रिल १९८४ मध्ये ते या सोव्हिएत अवकाश स्थानकावर आठवडाभर राहून आले, तिथे त्यांनी योगासनं केली, इंदिरा गांधींना ‘सारे जहाँ से अच्छा’ असं उत्तर दिलं, आणि आपल्यापुरती त्या स्थानकाची गोष्ट तिथेच संपली. त्यानंतर वर्षही उलटायच्या आत ते स्थानक बंद पडलं आणि दोन माणसांनी वर जाऊन ते पुन्हा चालू केलं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या दोघांच्या मुक्कामाची ही तारीखवार हकीकत.

या मोहिमेबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुधा यान स्थानकाला जोडलं गेलं की थांबतं. थरार तिथे आहे, हे खरं. पण जोडणी झाली ती तिसऱ्या दिवशी, आणि दोघांपैकी एक जण परतला तो एकशे अडुसष्ट दिवसांनी. मधल्या दिवसांत थंडी, ओल आणि वायरी होत्या. मला हा मधला भागच सांगण्यासारखा वाटतो.

त्याआधी : ११ फेब्रुवारी १९८५

स्थानकावर तेव्हा कोणी नव्हतं. किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर अत्कोव हे त्रिकूट २३७ दिवस राहून ऑक्टोबरमध्येच उतरलं होतं. राकेश शर्मांचे वरचे यजमान तेच. रिकामं स्थानक जमिनीवरून सांभाळलं जात होतं. त्या दिवशी विजेचा भार वाढल्यामुळे एक ट्रान्समीटर बंद झाला आणि दुसऱ्याने आपोआप काम उचललं. पाळी बदलली. नव्या पाळीतल्या लोकांनी पहिला ट्रान्समीटर पुन्हा चालू करण्याची आज्ञा वर पाठवली आणि त्यानंतर स्थानकाकडून एक अक्षरही आलं नाही.

आता प्रश्न असा, की गप्प झालेल्या स्थानकापर्यंत पोचायचं कसं? माणसं नेणारं सोयूझ यान स्थानकाला आपोआप जोडलं जायचं ते यान आणि स्थानक यांच्यातल्या रेडिओ संवादावर. एक बाजू मुकी असेल तर ती सगळी यंत्रणा निव्वळ वजन. म्हणून ती काढून टाकली. तिसरी खुर्चीही काढली. त्या जागेत जादा इंधन, पाणी आणि खाणं भरलं. बाजूच्या खिडकीशी अंधारात बघायची दुर्बीण बसवली, लेझरने अंतर मोजायचं उपकरण दिलं आणि यान वळवायचे दांडे त्या खिडकीपाशी आणले. स्थानक नेमकं कुठे आहे हे कळावं म्हणून शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारी रडारं कामाला लागली. शीतयुद्धातल्या यंत्रांचा इतका घरगुती उपयोग क्वचितच झाला असेल.

माणसं दोन. कमांडर व्लादिमिर जानिबेकोव, वय ४३, पाचवं उड्डाण. १९८२ मध्ये स्वयंचलित यंत्रणेने दगा दिल्यावर त्यांनी याच स्थानकाला हाताने यान जोडलं होतं, आणि १९८४ च्या जुलैमध्ये ते पुन्हा इथे येऊन गेले होते. मोकळ्या वेळात चित्रं काढणारा माणूस. मूळ आडनाव क्रीसिन. बायकोच्या घराण्याचं नाव चालवायला कोणी उरलं नव्हतं म्हणून लग्नानंतर यांनी तिचं आडनाव घेतलं. आपल्याकडे आजही असं कोणी केलं तर गावभर चर्चा होईल. दुसरे व्हिक्टर साविनिख, ४५ वर्षांचे फ्लाइट इंजिनिअर. शिक्षणाने नकाशाशास्त्राच्या वाटेचे, आणि १९८१ मध्ये सल्यूत-६ वर अडीच महिने राहिलेले. म्हणजे एकाला यान जोडायचं कसब आणि दुसऱ्याला स्थानकात राहायची सवय.

६ जून

बायकोनूरच्या अवकाशतळावरून सोयूझ टी-१३ सुटलं. पुढचे दोन दिवस पाठलागाचे. कक्षेतला पाठलाग उलट्या न्यायाने चालतो : पुढच्याला गाठायचं तर खालच्या कक्षेत राहायचं, कारण खालची फेरी लवकर पूर्ण होते. इंजिन जोरात पेटवून सरळ पुढे धावलात तर वर ढकलले जाता आणि मागे पडता.

८ जून

साधारण दहा किलोमीटरवरून स्थानक दिसलं. जानिबेकोव यांचं लक्ष आधी गेलं ते सौर पंख्यांकडे, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या पंखांकडे. ते एका प्रतलात नव्हते, एकमेकांशी तिरपे होते. जमिनीवरच्या लोकांना तोवर आशा होती की फक्त रेडिओ गेला असेल आणि आत बाकी सगळं चालू असेल. त्या तिरपेपणाने ती आशा संपली. पंखे सूर्याकडे वळत नाहीत, म्हणजे त्यांना वळवणारी वीज नाही. वीज नाही म्हणजे आत उष्णता नाही, हवा खेळती नाही, काहीच नाही.

साविनिख अंतर मोजून आकडे सांगत होते, जानिबेकोव खिडकीतून बघत दांडे हलवत होते. दोनशे मीटरवर त्यांनी यान थोपवलं. स्थिती पाहिली, स्थानकाला वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि यान जोडलं. यान आणि स्थानक यांच्यातले विजेचे जोड बसले, पण पलीकडून विजेचा दाब शून्य.

मग दारं. आत हवा आहे की सगळी निसटून गेली, हेही माहीत नव्हतं. छोटी झडप उघडून हळूहळू दोन्हीकडचा दाब सारखा केला. हवा होती. ती विषारी आहे का हे वायू ओळखणाऱ्या नळ्यांच्या साहाय्याने तपासलं, कारण आग लागून गेली असण्याची शंका होती. तसं काही आढळलं नाही. तरी आत गेले ते तोंडावर मास्क लावूनच.

आत काळोख आणि पूर्ण शांतता. स्थानकात राहिलेल्या माणसाला हे दुसरं जास्त खटकतं, कारण एरवी तिथे हवा खेळवणाऱ्या पंख्यांची आणि पंपांची घरघर चोवीस तास चालू असते. थर्मामीटरचे आकडे शून्यापाशीच संपत होते, त्यामुळे नक्की किती थंडी हे सांगता येईना. थुंकून पाहिलं तर थुंकी भिंतीवर क्षणात गोठली. शून्याच्या बरंच खाली, इतकं कळलं.

आणि टेबलावर आधीच्या मंडळींनी ठेवलेल्या वाळलेल्या पावाच्या चकत्या आणि मिठाच्या गोळ्या. दारात आलेल्या पाहुण्याला पाव आणि मीठ देऊन घरात घ्यायचं, ही रशियन रीत. सहा-सात महिने कोणी येणार नाही हे त्या तिघांना माहीत असेल. येतील ते अशा अवस्थेत येतील हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नसेल.

९ ते ११ जून

कोकणातलं बंद घर वर्षाने उघडलं की आधी मेन स्विच, मग नळ, मग पुसापुशी, असा क्रम ठरलेला असतो. इथेही क्रम तोच होता. फक्त मेन स्विचला चालायला वीज लागत होती, आणि खरी मेख तिथेच होती.

सौर पंख्यांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोचवायची तर मधला विद्युतचुंबकी स्विच ओढला गेला पाहिजे. तो ओढायला लागणारी वीज येणार बॅटरीतून. बॅटऱ्या पार कोरड्या. म्हणजे वाटीत विरजण नाही म्हणून दही नाही, आणि दही नाही म्हणून विरजण नाही. सोयूझमधून वीज घ्यावी तर स्थानकात कुठे शॉर्ट सर्किट असेल ते ठाऊक नाही. यानाची वीज गेली तर परतीची वाटच बंद. तो धोका पत्करायचा नाही, हा निर्णय मला या सगळ्या मोहिमेतला सर्वांत शहाणा वाटतो. घाईत असलेल्या माणसाने तो घेतला नसता.

त्यांनी एकेक बॅटरी तपासली. आठपैकी दोन गेलेल्या, सहा कामाच्या. मग स्विच वगैरे सगळं बाजूला ठेवून पंख्यांच्या वायरी थेट बॅटऱ्यांना जोडायचं ठरलं. वायरींची टोकं सोलायची, पिळ द्यायचा, चिकटपट्टी गुंडाळायची. आपल्या गल्लीतला वायरमन रोज करतो तेच काम, पण गोठवणाऱ्या थंडीत आणि उघड्या बोटांनी, कारण हातमोजे घालून वायर पिळता येत नाही. अंगावर जाड गरम पोशाख, डोक्यावर साविनिख यांच्या पत्नीने विणलेल्या लोकरीच्या टोप्या.

त्यात हवेचा त्रास. गुरुत्व जाणवत नाही तिथे गरम हवा वर चढत नाही, थंड खाली येत नाही. हवा खेळवणारा पंखा बंद असेल तर आपण सोडलेला श्वास आपल्याच तोंडाभोवती साचून राहतो. कामात मान खाली घालून दहा मिनिटं गेली की डोकं जड होतं, आणि आपल्याला काही होतंय हे स्वतःच्या लक्षात येत नाही. म्हणून एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघत राहायचं, असा नियम झाला. विश्रांतीला दोघंही यानात परतायचे. तिथली हवा शुद्ध करणारी यंत्रणा त्यांच्यासाठी चालू होती.

वायरी जोडल्या, पण सौर पंखे सूर्याकडे नव्हते. ते वळवायची मोटर बंद. मग जानिबेकोव सोयूझमध्ये बसले आणि यानाच्या छोट्या इंजिनांनी, जोडलेल्या अख्ख्या स्थानकासकट, सगळा डोलारा फिरवून पंख्यांवर ऊन घेतलं. दीड तासाच्या फेरीत ऊन मिळतं ते तासाभराच्या आतबाहेर. तेवढ्यात मिळेल तेवढं भरायचं. एक बॅटरी भरली, मग दुसरी. १० तारखेला हवा गरम करणारी उपकरणं चालू झाली. नंतर दिवे लागले.

बिघाड कशाचा होता तोही याच सुमारास उलगडला. बॅटरी भरली की नाही हे सांगणारा एक संवेदक बिघडला होता. बॅटरी रिकामी असतानाही तो ‘भरली’ म्हणून सांगायचा, आणि ते ऐकून स्थानक पंख्यांचा पुरवठा तोडायचं. जमिनीवरून कोणी पाहत असतं तर हा घोळ सुधारता आला असता. पण रेडिओ आधीच गेलेला. दोन किरकोळ बिघाड, वेगवेगळे आले असते तर एखाद्या अहवालात दोन ओळी मिळाल्या असत्या इतपतच. एकत्र आले आणि वीस टनांचं स्थानक गारठलं.

१३ जून

स्थानक स्वतःला वळवू लागलं. ही मोठी बातमी होती, कारण स्थिर राहता येणाऱ्या स्थानकालाच मालवाहू यान येऊन लागू शकतं. तोवर दोघं सोबत आणलेल्या पाण्यावर होते आणि ते मोजून प्यायचं होतं. स्थानकाच्या टाक्यांत पाणी होतं, पण दगड होऊन. टाक्या वितळल्या नाहीत आणि माल आला नाही तर सगळं सोडून परतणं भाग होतं.

पाणी तापवायची उपकरणं गोठून फुटली होती. मग टीव्ही चित्रीकरणासाठी आणलेला झगझगीत दिवा त्यांनी पाणी गरम करायला वापरला. त्यावर चहा होऊ लागला.

जूनचा उत्तरार्ध

उष्णता आली आणि नवं संकट घेऊन आली. भिंतींवर, नळांवर, पट्ट्यांमागे जिथे जिथे हिम बसलं होतं तिथे आता पाणी. जमिनीवर ते खाली ओघळलं असतं. इथे ते जिथल्या तिथे पसरत राहतं, वायरींच्या जुडग्यात शिरतं, जोडांवर फुगे धरून बसतं. नुकत्याच जिवंत केलेल्या विजेच्या शेजारी हे पाणी. म्हणून भिंती तापवणारे हीटर त्यांनी मुद्दामच चालू केले नाहीत. आधी ओल सुकू दिली. अंगात कुडकुड भरलेली असताना समोरच्या हीटरला हात न लावणं सोपं नसणार.

पुसायला फडकी नव्हती. इतकं पाणी कधी पुसावं लागेल असा विचार कोण करणार? आधीच्या लोकांचे राहिलेले कपडे फाडून फडकी केली. पट्ट्या काढा, मागे पुसा, पट्ट्या लावा. दिवसच्या दिवस हेच. या दिवसांवर कोणी चित्रपट काढणार नाही. पण साध्या ओलीने एखादा जोड जळला असता तर ८ जूनची ती अचाट जोडणी वाया गेली असती.

२३ जूनला मालवाहू प्रोग्रेस-२४ येऊन लागलं. पाणी, इंधन, सुटे भाग. महिनाअखेर स्थानकाच्या टाक्याही वितळल्या. त्यानंतर परतायची टांगती तलवार गेली.

२५ जून

हा दिवस वेगळा काढतो, कारण याचा स्थानकाच्या दुरुस्तीशी काही संबंध नाही. आलेलं सामान सोडवताना जानिबेकोव पंखवाल्या चाक्या (विंगनट) फिरवून काढत होते. बोटाने झटका दिला की चाकी फिरत आट्यांवरून सुटते आणि हवेत तरंगत निघते. एक चाकी तशी निघाली, स्वतःभोवती गरगरत थोडी पुढे गेली आणि अचानक उलटी झाली. शेपूट पुढे, तोंड मागे. फिरणं चालूच. आणखी थोडी पुढे जाऊन पुन्हा सुलटी. कोणी हात लावलेला नाही.

गणित जुनं होतं. तीन अक्षांपैकी ज्याभोवती वस्तू फिरवणं ना सर्वांत सोपं ना सर्वांत जड, त्या मधल्या अक्षाभोवती फिरणारी वस्तू अस्थिर असते, हे ऑयलरच्या समीकरणांतून निघतंच. पण जमिनीवर वस्तू दोन कोलांट्या मारते तोच खाली पडते, त्यामुळे ती इतकी निवांत बघायला मिळत नाही. आज या प्रकाराला जानिबेकोव यांचंच नाव आहे. घरी करून बघायचं असेल तर एखादं जाड पुस्तक रबरबँडने बांधा, शीर्षक आपल्याकडे धरून दोन्ही हातांनी उभं पकडा आणि कोलांटी देऊन वर उडवा. हातात येईपर्यंत ते कूसही बदलून घेतं. मोबाइलनेही होतं, पण गादीवर करा.

दोन आठवडे जिवावरचं काम करून थकलेल्या माणसाने सामान सोडवताना एका चाकीकडे टक लावून बघत बसावं, यातच त्याचा स्वभाव कळतो.

जुलै

सांगण्यासारखं थोडं. हवेतली आर्द्रता पूर्ववत व्हायला महिनाअखेर उजाडली. १५ तारखेला प्रोग्रेस गेलं, २१ ला कॉसमॉस-१६६९ हे त्याच जातीचं मालवाहू यान आलं. सुरुवातीला घर सावरण्यातच जाणारा वेळ हळूहळू प्रयोगांना मिळू लागला. खिडकीतून शेतं, जंगलं आणि भूभाग टिपायचं काम होतं. नकाशाशास्त्र शिकलेल्या साविनिख यांना ते आवडीचंच असणार.

२ ऑगस्ट

दोघं बाहेर पडले. सौर पंख्यांना जादा पट्टे जोडायचे होते, म्हणजे वीज वाढेल. हे काम मूळ योजनेतलंच. आधीच्या चमूंनी अशा दोन जोड्या बसवल्या होत्या, ही तिसरी. पोशाख नव्या प्रकारचे, काम पाच तासांचं. जूनमध्ये एकेक बॅटरी चुचकारत होते आणि ऑगस्टमध्ये वीज वाढवायला बाहेर गेले. सल्यूत-७ बरं झालं असं मी या दिवसापासून मानतो.

१८ सप्टेंबर

पाहुणे आले. सोयूझ टी-१४ मधून वास्यूतिन, वोल्कोव आणि जुने जाणते ग्रेच्को. आठवडाभर पाच जण एकत्र राहिले आणि मग जी अदलाबदल झाली ती आज आपल्याला नेहमीची वाटते : जानिबेकोव आणि ग्रेच्को जुन्या यानाने खाली जाणार, साविनिख नव्या दोघांसोबत राहणार. तोवर जुना चमू स्थानक बंद करून उतरायचा आणि नवा चमू बंद स्थानक उघडायचा. रिकाम्या स्थानकाचं काय होऊ शकतं याचा धडा ताजा होताच. आता निम्मी माणसं बदलून स्थानक चालतं ठेवायची रीत प्रथमच वापरली. सुनीता विल्यम्स २०२४ च्या जूनमध्ये थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि मार्च २०२५ पर्यंत राहिल्या, तेव्हा आधीच्या मंडळींकडून कामं घेणं आणि पुढच्यांच्या हाती देणं चालू राहिलं, ते याच रीतीने.

२५ आणि २६ सप्टेंबर

जानिबेकोव सुटले, पण लगेच उतरले नाहीत. तीसेक तास स्थानकाजवळ राहून जवळ येण्याच्या जूनमधल्या पद्धतीच्या चाचण्या केल्या. एकदा जमलं ते नशिबाने नव्हे, हे नोंदवून ठेवायची शिस्त. २६ ला ते आणि ग्रेच्को कझाकस्तानच्या माळावर उतरले. जानिबेकोव यांचे ११२ दिवस झाले.

ऑक्टोबर, नोव्हेंबर

साविनिख मात्र वरच. २ ऑक्टोबरला कॉसमॉस-१६८६ हे अवाढव्य यान येऊन लागलं, जवळजवळ स्थानकाएवढंच. आत उपकरणं खच्चून भरलेली. त्यांवर काम करायला बराच मुक्काम ठरला होता, बाहेर पडायचेही बेत होते. पण कमांडर वास्यूतिन आजारी पडले. वाट पाहिली, औषधं झाली, गुण येईना. बाहेर पडण्याचे बेत रद्द झाले आणि नोव्हेंबरमध्ये परतायचं ठरलं.

जून महिन्यात दोघांनी रक्त आटवून स्थानक बरं केलं, आणि मुक्काम आखडता घ्यावा लागला तो माणसाच्या तब्येतीमुळे. यंत्राचा सुटा भाग प्रोग्रेसमधून मागवता येतो.

२१ नोव्हेंबरला तिघं उतरले. परतीच्या प्रवासात यानाची सूत्रं साविनिख यांच्याकडे होती. त्यांचे १६८ दिवस झाले होते. स्थानक मागे राहिलं ते या वेळी दिवे, हवा, रेडिओ सगळं चालू ठेवून, आणि कॉसमॉसमध्ये भरलेली बरीच कामं तशीच सोडून. त्यातली उरलेली उरकायला १९८६ च्या मे महिन्यात किझिम आणि सोलोव्योव नव्या मीर स्थानकावरून सोयूझने इकडे आले आणि जाताना उपयोगाची उपकरणं उचलून मीरवर घेऊन गेले.